अंडी खणणारे हात राखणीला कसे लागले: वेळासच्या कासवांचं प्रकरण

कोकणातल्या एखाद्या गावात निसर्गाचं काम सुरू करायचं ठरलं की पहिली बैठक देवळात नाहीतर शाळेत होते. दहा-पंधरा माणसं येतात, चहा होतो, माहिती सांगून होते आणि मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं की यातून गावाला काय मिळणार? हा प्रश्न ऐकून कपाळाला आठ्या घालणारी आणि गावकऱ्यांना स्वार्थी ठरवून मोकळी होणारी मंडळं मी पाहिली आहेत. ती फार टिकत नाहीत. वेळासचं प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे ते याच प्रश्नापायी. तिथे हा प्रश्न टाळला गेला नाही, आणि कामाला पुढे जो आकार आला तो त्याच्या उत्तरातूनच आला असं माझं मत आहे.

सावित्री नदी बाणकोटच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. तिथून किनाऱ्याने थोडं दक्षिणेला आलं की मंडणगड तालुक्यातलं वेळास लागतं. नाना फडणवीसांचं गाव म्हणून इतिहास वाचणाऱ्यांना ते ठाऊक असतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, आंब्याची कलमं, खाडीपलीकडे हरिहरेश्वर. घरटी एखादा माणूस मुंबईला, ही रत्नागिरी जिल्ह्याची जुनी रीत इथेही आहेच. पंचवीस वर्षांपूर्वी वेळासला कोणी मुद्दाम फिरायला जात नसे. पुढे जे घडलं त्यात या आडबाजूपणाचाही हात आहे. पुळणीवर हॉटेलं नव्हती, दिवे नव्हते, गाड्या नव्हत्या. कासवाला हवा असतो तसाच तो किनारा होता.

पुळणीवरची टरफलं

चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ पासून काम करते. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाची घरटी शोधत कोकण किनारा फिरत होते. २००२ साली त्या फिरतीत वेळासच्या वाळूवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की कासवं इथे दरवर्षी येतात, अंडी घालतात, आणि ती अंडी माणसं उकरून नेतात.

ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. ओडिशात गहिरमाथ्याला आणि ऋषिकुल्येच्या मुखाशी ती लाखांनी एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात, त्यामुळे बातमी होते. कोकणात मात्र एखाद-दुसरी मादी रात्री गुपचूप येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते. खड्डा वर तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद असतो. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाच्या भाराने ती दाबते आणि तासाभरात परत फिरते. पुन्हा ती त्या घरट्याकडे बघतही नाही. मागे उरते ती वाळूवरची तिची पाऊलवाट, आणि तीही पुढच्या भरतीला किंवा दुपारच्या वाऱ्याला पुसली जाते.

म्हणजे घरटं सापडायला पहाटेची दोन-तीन तासांची मुदत. त्या वेळात पुळणीवर जो पोचेल त्याच्या हाती घरटं. कुत्रा पोचला तर कुत्रा, कोल्हा पोचला तर कोल्हा, आणि बऱ्याच वेळा माणूस. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला पाऊलवाट बघून मादी कुठे थांबली ते ओळखता येतं. काठी टोचत गेलं की जिथे ती अडत नाही, सहज आत जाते, तिथे खाली अंडी. काही घरी खायची, काही विकायची. यात कोणाला पाप वाटत नव्हतं, चोरीही वाटत नव्हती. किनाऱ्यावर जे येईल ते किनाऱ्यावरच्याचं, इतका साधा तो हिशेब होता. देवळात जाताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणारी माणसंच ही. कूर्मावताराची गोष्ट त्यांना कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती. तरीही अंडी जात होती, त्यामुळे श्रद्धेला हात घातला की काम झालं असं मानणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

कायदा होताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. अंडी नेणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. पण पहाटे चारला, डझनभर गावांच्या पुळणींवर, एकटा वनरक्षक कुठे कुठे उभा राहणार? आणि गावातल्या एकावर खटला झाला असता तर बाकीच्यांनी अंडी खणणं थांबवलं नसतं, त्याबद्दल बोलणं थांबवलं असतं. बाहेरून आलेल्या संस्थेला गावात जी एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे माणसांनी आपल्याशी खरं बोलणं. तीच गेली असती.

संस्थेने मग गावातच माणसं शोधली. ग्रामपंचायतीचा होकार घेतला, पुळणीवर जाळीचं कुंपण घालून हॅचरी, म्हणजे उचलून आणलेली अंडी पुन्हा पुरून उबवायची राखीव जागा, उभी केली आणि पहाटेच्या गस्तीला गावचेच लोक नेमले. त्यांना मानधन दिलं. पुढे किनाऱ्यावरच्या गावांत या माणसांना 'कासवमित्र' हे नाव रुळलं.

या निवडीकडे नीट बघायला हवं, कारण दुसरा पर्याय फार सोपा होता. चिपळूणची उत्साही पोरं हंगामात आळीपाळीने वेळासला मुक्कामाला ठेवता आली असती. निसर्गप्रेमी मंडळांना असलं काम आवडतं. शिबिर होतं, फोटो निघतात, अहवाल छान होतो. पण चिपळूणच्या पोराला वाळू वाचता येत नाही, ती वेळासच्या माणसाला येते. अंडी खणणाऱ्याकडे जी विद्या होती तीच राखणदाराला लागणार होती. त्याला त्या विद्येचा मोबदला आणि मान मिळाला की पहाटेची वाट तीच राहते, पुळणही तीच राहते, फक्त पिशवी घरी जाण्याऐवजी हॅचरीकडे जाते. आणि गावचा माणूस गस्तीला असला की इतरांनाही अंडी उचलणं अवघड होतं. परक्याच्या डोळ्यांदेखत चोरी करता येते, पण शेजाऱ्याच्या देखत करणं जड जातं.

घरटं हलवायचं काम

बाहेरून बघणाऱ्याला हे फार किरकोळ वाटतं. अंडी उचलली, दुसरीकडे पुरली. प्रत्यक्षात सगळं यश-अपयश या दीड-दोन तासांत ठरतं, म्हणून ते जवळून सांगते.

कासवमित्र उजाडण्याआधी निघतो. एक टोक ते दुसरं टोक चालायचं, ओल्या वाळूच्या कडेने, कारण समुद्रातून वर चढलेली रेघ तिथूनच सुरू होते. रेघा दोन दिसतात, येण्याची आणि जाण्याची. त्यांच्या मध्ये जिथे वाळू विस्कटलेली आहे तिथे तो बसतो. काठी हलक्या हाताने टोचतो. टोक अंड्याला लागलं तर अंडं फुटतं आणि त्याच्या वासाने बुरशी, मुंग्या, खेकडे बाकीच्यांवर येतात, त्यामुळे काठी कुठे थांबवायची याला हात मुरलेला लागतो. मग हाताने वाळू काढायची. फावडं नाही, खुरपं नाही.

अंडी दिसली की एकेक उचलायचं आणि ज्या बाजूने वर होतं त्याच बाजूने टोपलीत ठेवायचं. याचं कारण शरीरशास्त्रात आहे. अंडं घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं, गरगरलं, गाडीवर हिसके खात गेलं तर तो चिकटलेला धागा तुटतो आणि गर्भ मरतो. अंडं बाहेरून तसंच गोलमटोल दिसत राहतं; पन्नास-साठ दिवसांनी खड्डा उकरल्यावर कळतं. म्हणून गस्त पहाटेची, आणि म्हणून हॅचरी त्याच पुळणीवर. टोपलीच्या तळाशी घरट्यातलीच वाळू घालतात. तिच्यातला ओलावा अंड्यांना सवयीचा असतो.

हॅचरीत मूळ घरट्याच्याच मापाचा खड्डा हाताने करायचा, तितकाच खोल, खाली तितकाच रुंद. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर. खड्ड्याजवळ पाटी: तारीख, अंड्यांची संख्या. शक्य असेल तर हॅचरीची जागा दरवर्षी थोडी सरकवायची, कारण आदल्या वर्षीच्या कुजलेल्या अंड्यांची घाण त्या वाळूत असते. पंचेचाळीस दिवस झाले की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि दिवसातून अनेकदा उचलून बघायची. पिल्लं बहुधा रात्री वर येतात, वाळू थंड झाली की.

वाळूच्या तापमानाला आणखी एक महत्त्व आहे. कासवाचा नर-मादी भेद गर्भधारणेला ठरत नाही, तो अंडं उबण्याच्या मधल्या काळातल्या तापमानावर ठरतो. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही मिळतात; वाळू त्याहून गार राहिली तर नर जास्त, तापली तर माद्या जास्त. मूळ घरटी पुळणीवर विखुरलेली असतात, कुठे सुरूची सावली, कुठे उघडं ऊन, म्हणून पिल्लांतही सरमिसळ होते. हॅचरीत सगळी अंडी एकाच जागी, एकाच उन्हात. मार्च-एप्रिलच्या कडाक्यात वरून सावलीची जाळी ताणायची ती एवढ्यासाठी. ज्या मंडळाला हे ठाऊक नाही ते मंडळ शेकडो पिल्लं समुद्रात सोडून समाधानात राहील, आणि ती सगळी एकाच लिंगाची असतील.

म्हणूनच जगभरातले कासवांचे अभ्यासक सांगतात की हॅचरी हा शेवटचा उपाय आहे. घरटं जिथे आहे तिथेच राखता येत असेल तर तिथेच राखावं. मला हे पूर्ण पटतं. पण २००२ च्या वेळासला हे कोणी सांगितलं असतं तर ते कागदावरच राहिलं असतं. जिथे जवळजवळ प्रत्येक घरटं उकरलं जातंय तिथे कुंपणाशिवाय काय राखणार? आज मात्र हा प्रश्न पुन्हा विचारायला हवा. ज्या पुळणींवर अंडी खणणं थांबलंय, कुत्र्यांचा त्रास कमी आहे, तिथे निदान काही घरटी जागच्या जागी जाळी टाकून राखून बघायला काय हरकत आहे? यात अडचण शास्त्राची कमी आणि महोत्सवाची जास्त आहे. आता महोत्सवाकडे वळते.

पाहुणे

पहिली काही वर्षं काम चाललं ते संस्थेच्या पदरच्या आणि देणगीदारांच्या पैशावर. मानधनावर राखलेलं घरटं मानधन थांबलं की उघडं पडतं. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरवायला सुरुवात झाली. पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, मुंबई-पुण्याच्या लोकांना बोलवायचं, ते गावातल्या घरांमध्ये राहतील, घरचंच जेवतील, सकाळ-संध्याकाळ पुळणीवर येतील.

या योजनेतलं मर्म राहण्याच्या सोयीत आहे. हॉटेल बांधलं असतं तर पैसा एका मालकाकडे गेला असता आणि दिवे पुळणीवर पडले असते. घरात पाहुणे ठेवल्याने पैसा थेट घरात आला, आणि घरात म्हणजे बहुतेक करून बाईच्या हातात. उकडीचे मोदक, सोलकढी, फणसाची भाजी. जे ती एरवीही करत होती त्याला दाम आला. ज्या घरातला मुलगा कासवमित्र नव्हता, ज्या घराचा पुळणीशी काही संबंध नव्हता, त्या घरालाही कासव राहिलं पाहिजे असं वाटायला कारण मिळालं. मागच्या रांगेतून आलेल्या प्रश्नाचं उत्तर हे. भाषणातून ते कधीच मिळालं नसतं.

आता त्याची किंमत.

पाहुणा दोन दिवसांची सुट्टी काढून, आठ-दहा तासांचा प्रवास करून, लहान मुलांना घेऊन येतो. टोपली उचलली जाते आणि खाली नुसती वाळू असते. मुलं रडकुंडीला येतात. मग कोणीतरी हमखास सुचवतं की पहाटे निघालेली पिल्लं संध्याकाळपर्यंत टबात ठेवा, म्हणजे सगळ्यांना दिसतील. सूचना अगदी भाबडी असते. पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो, आणि त्या बळावर पहिला दिवसभर न थांबता पोहून ते किनाऱ्यापासून दूर जातं. किनाऱ्याजवळच मासे आणि पक्षी टिपायला टपलेले असतात. टबात हातपाय मारण्यात तो साठा संपला की समुद्रात जाणारं पिल्लू आधीच दमलेलं असतं. म्हणून पिल्लू निघालं की सोडायचं, सोडण्याची वेळ त्यातल्या त्यात सकाळी ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पाण्यात थेट टाकायचं नाही. ओल्या वाळूवर ठेवायचं आणि ते आपलं आपण चालू द्यायचं. जन्माच्या किनाऱ्याची खूण ते या चालण्यात घेतं असं मानतात.

दोरीच्या मागे उभ्या राहिलेल्या दोनशे माणसांना हे सांगून, तरी त्यांचा हिरमोड होऊ न देणं, हे स्वयंसेवकाचं सर्वांत अवघड काम आहे. मी पाहिलेल्या चांगल्या कासवमित्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. ते पिल्लू नसलं तरी टोपलीजवळ बसून बोलतात, नुकत्याच उकरलेल्या घरट्यातली फुटकी टरफलं हातात देतात, न उबलेलं अंडं फोडून आत गर्भ कुठवर वाढला होता ते दाखवतात. पाहुणा पिल्लू न बघताही काहीतरी बघून जातो. उलट ज्या किनाऱ्यांवर 'पिल्लं दाखवणारच' असं आगाऊ सांगून बुकिंग घेतलं जातं, तिथे टब आल्याशिवाय राहत नाही. महोत्सव करू बघणाऱ्या प्रत्येक मंडळाने जाहिरातीतच छापावं की पिल्लं दिसतीलच असं नाही. पाच बुकिंगं कमी झाली तर होऊ द्यावीत.

आणि मघाची अडचण हीच. घरटी जागच्या जागी राखली तर पिल्लं पुळणीभर विखुरलेल्या ठिकाणी, रात्री-अपरात्री निघतील, आपसूक समुद्रात जातील. दाखवायला काही उरणार नाही. गावाचं उत्पन्न हॅचरीशी बांधलं गेलंय. ही गाठ सोडवणं शक्य आहे. दहातली दोन-तीन घरटी जागेवर ठेवली तरी महोत्सवाला पुरेशी हॅचरीत उरतात. पण हा निर्णय गावाने आणि वनखात्याने बसून घ्यायला हवा.

संस्थेने हात काढून घेतला

वेळासचा नमुना किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावांत गेला. आंजर्ले, गुहागर आणि आणखी कितीतरी पुळणींवर आज कासवमित्र पहाटे चालतात. वनखातं कामात उतरलं, २०१२ साली त्या खात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष उभा राहिला आणि कासवांचं काम हळूहळू सरकारी यंत्रणा व गावांच्या हाती गेलं. 'सह्याद्री निसर्ग मित्र' बाजूला सरली आणि आपल्या इतर कामांकडे वळली. तिने वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी थांबवली, गिधाडांसाठी काम केलं, खवले मांजरासाठी गावोगाव हिंडली.

स्वयंसेवी मंडळाचं खरं कौशल्य मला इथे दिसतं. उभं केलेलं काम सोडून देता येणं. अनेक मंडळांचं नाव आणि काम इतकं एकजीव होतं की काम दुसऱ्याच्या हाती जाणं हा त्यांना अपमान वाटतो. मग गावचा माणूस कायम मदतनीस राहतो, निर्णय कायम शहरात होतात, आणि संस्थापक थकला की पुळणही थकते. वेळासला मानधन घेणारे, महोत्सव चालवणारे, पाहुणे ठेवणारे पहिल्यापासून गावचेच होते, म्हणून सोपवण्यासारखं काही तयार झालेलं होतं. सोपवण्याची तयारी पहिल्या हंगामातच करावी लागते, शेवटच्या नव्हे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्याला झोडपलं. मंडणगड, दापोली, श्रीवर्धनकडच्या वाड्या आडव्या झाल्या, वर्षानुवर्षांच्या पोफळी मुळासकट गेल्या. त्यात कोविडमुळे पाहुणे बंद. उत्पन्नाचे दोन्ही हात एकदम गेले. पण अशा काळातही किनाऱ्यावरची गस्त चालू राहिली, आणि पुढचे हंगाम झाले. पाहुण्यांच्या पैशावरच सगळं उभं असतं तर तेव्हाच आटोपलं असतं. सरकारी मानधन, गावाची सवय आणि थोडाफार अभिमान, हे तिन्ही मिळून तो काळ निघाला असं मला वाटतं.

यश कशाने मोजायचं

'यंदा इतकी हजार पिल्लं समुद्रात सोडली' हा आकडा बातमीत येतो. तो खोटा नसतो, पण त्यातून फार कळत नाही. ऑलिव्ह रिडलेची मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि हजारात एखादंच पिल्लू तिथवर पोचतं असं सर्वसाधारणपणे सांगतात. पिल्लावर खूण करता येत नाही, त्यामुळे २००२ च्या हंगामातलं पिल्लू आज मादी होऊन वेळासला आलं तरी ते ओळखायची सोय नाही. त्यापेक्षा घरट्यांची संख्या उपयोगी. अलीकडच्या हंगामांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दोन हजारांहून जास्त घरटी नोंदली गेली आहेत. ही वाढ आनंदाची आहे. मात्र गस्तीची गावं वाढली की सापडणारी घरटीही वाढतात, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायचा. त्याच पुळणीवर, तितक्याच गस्तीत, वर्षामागून वर्ष काय दिसतं तेच खरं.

मोठ्या माद्यांबद्दल मात्र आता थोडं कळू लागलंय. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिचं नाव 'प्रथमा'. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिला प्रयोग. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राच्या मँग्रोव्ह फाउंडेशनने मिळून तो केला, त्या हंगामात अशी पाच कासवं सोडली. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी सापडली, ती २०२१ साली ओडिशात लावलेली होती. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी, असा जो ढोबळ समज होता त्याला या मादीने धक्का दिला. वेळासचं किंवा गुहागरचं घरटं हे एका गावाचं नाही, हे आता पट्टीवरच्या क्रमांकाने सिद्ध झालंय.

किनाऱ्यावर राखलं ते समुद्रात मरतं, ही बाजू अजून फार कच्ची आहे. पावसाळ्यात उधाणाबरोबर मेलेली मोठी कासवं वाहून येतात. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि ते बुडून मरतं. जाळ्यातून कासवाला बाहेर पडता यावं म्हणून बसवायची जाळीदार चौकट, जिला मच्छीमार 'टेड' म्हणतात, ती आपल्याकडे सर्रास वापरात नाही. याच कारणाने अमेरिकेने भारताची समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. महाराष्ट्रात २०१८ च्या शेवटापासून एक चांगली सोय आहे. संरक्षित जीव जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवांचं काम करणाऱ्या मंडळांनी या योजनेचा अर्ज प्रत्येक बंदरावर माणसं बसवून भरून द्यायला हवा. तेही राखणीचंच काम आहे. अंडं वाचवलं आणि आई ट्रॉलरमध्ये गेली, तर पुढच्या हंगामात पुळणीवर रेघ उमटवायला येणार कोण?

वही

शेवटी एका गोष्टीबद्दल, जी बहुतेक मंडळांकडून सुटते. घरटं हॅचरीत हलवलं की पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या लागते, पण घरटं मुळात कुठे सापडलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. हंगाम संपला की पाट्या काढतात आणि ती माहिती जाते.

किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत कासवांच्या अंडी घालण्याच्या जागांना सर्वांत कडक संरक्षण आहे. ज्या दिवशी पुळणीवर धूपप्रतिबंधक बंधारा घालायचा प्रस्ताव येईल, किंवा सुरूच्या बनाला लागून रिसॉर्ट मागितलं जाईल, त्या दिवशी सुनावणीत कोणीतरी विचारणार की इथे कासव येतं याला पुरावा काय? हॅचरी गावाच्या सोयीच्या टोकाला असते, तिथे अंडी होती एवढंच तिच्यावरून सिद्ध होतं. दगडी बंधारा पडला की मादीला वर चढायला वाळूच उरत नाही, आणि मग कितीही कासवमित्र नेमले तरी उपयोग नाही.

म्हणून पहाटे घरटं सापडलं की अंड्यांना हात लावण्याआधी मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत. सोबत पाऊलवाटेचा फोटो, भरतीच्या रेषेपासूनचं अंतर, मागे काय आहे ते: सुरू, केवडा, घर, दिव्याचा खांब. घरटं न करता परत गेलेल्या मादीची रेघही नोंदवावी, कारण ती का फिरली ते पुढे कळू शकतं. मेलेलं कासव दिसलं तर त्याचाही फोटो आणि तारीख. हंगाम संपला, मे महिन्यात सगळे मोकळे झाले, की या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत सही-शिक्क्यासह द्यावी, एक वनखात्याला, आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख करून घ्यावा. वहीला खर्च शंभर रुपयेही येत नाही. जी मंडळं येत्या नोव्हेंबरला पहिल्यांदा गस्त घालणार आहेत, त्यांनी हॅचरीची जाळी विकत आणण्याआधी ही वही आणावी.